मुलांनी चालवलेले घर : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउसची शंभर वर्षे

संस्थांचे इतिहास बहुधा इमारतींच्या क्रमाने लिहिले जातात. कोनशिला कोणी बसवली, उद्घाटनाला कोण आले, देणगीदारांची नावे कुठल्या फरशीवर कोरली, असा तो क्रम असतो. साताऱ्याच्या आपल्या बोर्डिंगचा इतिहास तसा लिहू गेले तर हाती फार थोडे लागते. १९२४ साली इथे होती ती काही मुले, एक चूल, ती पेटती ठेवणाऱ्या लक्ष्मीबाई आणि गावोगाव धान्य मागत फिरणारे त्यांचे पती अण्णा, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. म्हणून हा लेख चुलीच्या अंगाने लिहितो आहे. इथून शिकून गेलेला माणूस म्हातारपणीही ‘आमचं बोर्डिंग’ म्हणतो तेव्हा त्या ‘आमचं’मध्ये एवढा जीव कुठून येतो, हाच या शंभर वर्षांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की या मुलांना इथे खरे काम मिळाले. त्या कामावर सगळ्यांचे जेवण अवलंबून होते आणि हे त्यांना रोज दिसत होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. तिथे असताना ते मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी निघालेले हे वसतिगृह. तिथून परतल्यावर आंघोळ करूनच आत या असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरचा मुक्काम टिकला, पण इंग्रजी सहावीच्या पुढे काही शिक्षण गेले नाही. शिवाशिवीच्या कारणावरून ज्याला एका वसतिगृहाबाहेर काढले, त्यानेच पुढे सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह काढले. हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. वसतिगृहाची शिस्त मुलाला घडवू शकते तशी तोडूही शकते, हे अण्णांना स्वतःच्या अनुभवावरून माहीत होते.

त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करत पश्चिम महाराष्ट्राची खेडी पायाखाली घातली. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या घरातली खरी परिस्थिती कळते. पोर हुशार आहे पण शाळा चार कोसांवर, आणि तालुक्याला ठेवायचे तर खायला कोण घालणार? सत्यशोधक विचार मनात होताच, त्याला आता ही रोजची पाहणी मिळाली. शाळा काढण्याआधी पोराच्या भाकरीची सोय केली पाहिजे, हे त्यांच्या मनाने इथेच घेतले असावे.

सांगली भागातल्या दुधगावी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जो विद्यार्थी आश्रम उभा केला, त्याच्यामागे मुष्टिफंडाची कल्पना होती. घरातल्या बाईने दळण काढताना मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे, आणि ठरल्या दिवशी ते आश्रमात पोचवायचे. या मुठीवर जरा थांबले पाहिजे, कारण पुढची सगळी संस्था याच हिशोबावर उभी राहिली. सावकाराने शंभर रुपये दिले तर मुले त्याच्या उपकाराखाली राहतात. शंभर घरांनी मूठमूठ जोंधळा दिला तर कोणा एकाचाच उपकार होत नाही, आणि शंभर घरांना त्या मुलांची काळजी लागते. पोरगा पास झाला की नाही, हे मूठ देणारी बाई विचारणारच. मुलालाही ठाऊक असते की आपल्या ताटातली भाकरी कोणत्या आळीतून आली आहे. संस्थेला नुसता पैसा पुरवणाऱ्या योजना पुष्कळ निघाल्या. गावाला संस्थेत ओढून घेणारी इतकी साधी योजना मला दुसरी दिसत नाही.

४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी. कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. त्या वेळी लिहिलेल्या उद्देशांत गरीब आणि मागासलेल्या मुलांच्या मोफत शिक्षणाबरोबरच निरनिराळ्या जातींच्या मुलांमध्ये प्रेमभाव वाढवणे आणि त्यांना काटकसरी, स्वावलंबी, उद्योगी बनवणे हेही होते. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलले आणि आपले बोर्डिंग सुरू झाले.

साताऱ्यातली ती पहिली वर्षे सोपी नव्हती. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशा घरांतली मुले एकत्र राहणार, एकाच चुलीवरचे खाणार. आज हे वाचताना कोणाला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळात सार्वजनिक पाणवठ्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता. महाडचे चवदार तळे १९२७चे. अशा वेळी इथे एका मुलाने मळलेल्या पिठाची भाकरी दुसऱ्या जातीचा मुलगा रोज खात होता. व्याख्यान देऊन जात जात नाही, हे अण्णा जाणून होते. दोघांनी मिळून पाण्याची घागर उचलायची, एकाने चूल पेटवायची, दुसऱ्याने भाकरी थापायची, आणि मग शेजारी बसून खायची. असे आठवडेच्या आठवडे गेले की शिवाशिवीला मुलांच्या मनात जागाच उरत नाही. पंगत हे या घराचे पहिले पाठ्यपुस्तक होते असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आणि या पंगतीची खरी धनीण लक्ष्मीबाई. मुले त्यांना वहिनी म्हणत. जैन घरात सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने सगळ्या जातींची मुले आपल्या स्वयंपाकघरात घेतली, ही गोष्ट आपण फार भरभर वाचून पुढे जातो. अण्णांनी तत्त्व ठरवले, ते पहाटेपासून रात्रीपर्यंत हातांनी पार पाडले वहिनींनी. पोरे आजारी पडली तर उशाशी बसल्या त्याच. धान्य संपले तेव्हा त्यांचे दागिने एकामागून एक गेले, आणि शेवटी मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही मोडले, हे रयतेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. १९३० साली त्या गेल्या. बोर्डिंग तेव्हा सहाच वर्षांचे होते. संस्थेने पुढे विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी कर्ज देणारी जी पतपेढी काढली तिला लक्ष्मीबाईंचे नाव दिले, हे मला फार योग्य वाटते. मंगळसूत्र मोडून दिलेला पैसा कधी परत मागितला गेला नव्हता. पण पुढच्या पोराच्या शिक्षणाला तो कोणत्या तरी रूपात मिळत राहिला.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. शाहू महाराजांना जाऊन तेव्हा पाच वर्षे होत आली होती. साबरमतीचा आश्रम चालवणारा माणूस इथली एकत्र चूल पाहून समाधान पावला, याचे साताऱ्याला फार कौतुक वाटले. पुढे हरिजन सेवक फंडातून बोर्डिंगला मदतही मिळू लागली. धनिणीच्या बागेतली जागा मिळाल्यावर बोर्डिंगला स्थैर्य आले. आजही जुना विद्यार्थी साताऱ्यात उतरला की रिक्षावाल्याला ‘धनिणीची बाग’ एवढेच सांगतो.

आता कामाविषयी. रयतेचे ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ असे बोधचिन्हावर वडाच्या झाडाशी लिहिलेले असते. ब्रीद लिहिणे सोपे असते, पण इथे ते पहाटे उठून पाळावे लागे. पाणी भरणे, झाडलोट, दळण, स्वयंपाक, भांडी या सगळ्याच्या पाळ्या मुलांकडे. चार भिंतीच्या टेकडीलगतच्या माळावर दगड वेचायचे, खड्डे खणायचे, झाडे लावायची, भाजीपाला पिकवायचा. ज्याची पाळी असेल त्याने भाजी निवडली नाही तर त्या दिवशी कोरड्यासाला भाजी नाही, इतके ते सरळ होते. जबाबदारी शिकवण्यासाठी इथे मुद्दाम कुठला उपक्रम आखावा लागला नाही. कामचुकार मुलाला गुरुजींनी बोलण्याआधी भुकेले सोबती बोलत.

या बाबतीत माझे एक स्पष्ट मत आहे आणि ते मी इथे नोंदवतो. मुलांकडून श्रम करून घेणे म्हणजे आपोआप चांगले शिक्षण, असे नाही. श्रम शिक्षा म्हणून दिले तर मुलाला कामाचा तिटकारा येतो. मोठ्यांनी सावलीत बसून मुलांना उन्हात राबवले तर ती वेठबिगार होते. बोर्डिंगात तसे झाले नाही, याचे कारण अण्णा आणि गुरुजी स्वतः टिकाव हातात घेऊन उभे असत. जे काम मुलाला सांगायचे ते आधी स्वतः करायचे, ही अट त्यांनी पाळली. शिवाय त्या कामाचे फळ मुलांच्याच ताटात येत होते. या दोन गोष्टी सोडून ‘कमवा आणि शिका’ची नक्कल करायला गेले की मागे फक्त कंटाळा उरतो.

पुणे कराराच्या आठवणीत १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस निघाले. तिथेही सगळ्या जातींची एक पंगत होती. त्या करारातून जे राजकीय ऐक्य ठरले ते जेवणाच्या ताटात कसे उतरवायचे, याचा तो एक प्रयत्न होता.

१९३५ हे साल मात्र शिक्षकांच्या बाजूने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. आपल्या शाळांना लागणारे गुरुजी आपणच तयार करायचे, आणि तेही खेड्यातून आलेले, खेड्यात परत जायला राजी असलेले. पुढे मुंबई इलाख्यात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर व्हॉलंटरी शाळांना अनुदान मिळू लागले, तेव्हा संस्थेने सातारा जिल्ह्यात अशा शेकडो प्राथमिक शाळा उघडल्या. सुरुवात साताऱ्याजवळच्या डोंगरावरच्या यवतेश्वरला झाली. या शाळा देवळात भरत, चावडीत भरत, कोणाच्या तरी गोठ्याच्या ओसरीवर भरत. तिथे जाणारा गुरुजी एकटा असे. गावाने घर दिले तर घर, नाही तर देवळाची पडवी. पटावर मुले आणायची तर बापाची समजूत घालायची, गुरे राखणाऱ्या पोरासाठी रात्रीची शाळा चालवायची, पत्रे लिहून द्यायची, सातबारा वाचून दाखवायचा. या माणसांची नावे बहुतेक ठिकाणी कुठेही कोरलेली नाहीत. बोर्डिंगात एका पंगतीला जेवलेला मुलगा गुरुजी होऊन गावात गेला की त्याने महारवाड्यातल्या मुलाला वर्गाबाहेर बसवणे शक्यच नव्हते. बोर्डिंगची शिकवण जिल्हाभर पोचली ती या एकट्या माणसांच्या पायांनी, आणि या स्मरणिकेत त्यांना मानाचे पान द्यावे असे मला मनापासून वाटते.

१९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. ते मोफत आणि निवासी होते. राबणाऱ्या हातांना फी माफ, हे त्याचे सूत्र. बोर्डिंगातल्या मुलाला आता माध्यमिक शिक्षणासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागणार नव्हते. १९४७ साली, देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर, छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. बोर्डिंगच्या चुलीपाशी जे चालत होते तेच आता कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ म्हणून आले : शेतावर, बांधकामावर, बागेत काम करायचे आणि त्या कमाईवर पदवी घ्यायची. कॉलेजचे नाव बदलले तर मोठी देणगी देऊ, असे एका धनिकाने सुचवल्याचे आणि अण्णांनी ते तिथल्या तिथे धुडकावल्याचे रयतेत सांगितले जाते. ही गोष्ट इतकी सांगितली जाते याचेच मला महत्त्व वाटते. सांगणाऱ्याला त्यातून सुचवायचे असते की हे कॉलेज आमचे आहे, ते कोणाला विकत घेता येणार नाही.

खरी कसोटी १९४८ला लागली. गांधीजींच्या हत्येनंतरच्या त्या तापलेल्या दिवसांत अण्णांच्या भाषणांवर राज्यकर्ते नाराज झाले आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. अनुदान थांबले की बहुतेक संस्था कुलूप लावतात. इथे तसे झाले नाही. अण्णा पुन्हा गावोगाव फिरू लागले. ज्यांनी कधी काळी मूठभर धान्य दिले होते त्यांच्याच दारात ते उभे राहिले, आणि त्यांना कोणी रिकाम्या हाती पाठवले नाही. गाडगेबाबांनी उघडपणे त्यांची बाजू घेतली. बाबांच्या शब्दाला महाराष्ट्राच्या खेड्यात जे वजन होते ते कोणत्याही मंत्र्याच्या शब्दाला नव्हते. पुढे अनुदान सुरू झाले. १९५४ साली कराडला कॉलेज निघाले तेव्हा त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले. याच काळात अण्णांनी गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला होता, आणि महाराष्ट्रात आज जागोजाग दिसणारी रयतेची महात्मा गांधी विद्यालये त्या संकल्पातून आली आहेत. सरकारने पैसा बंद केला त्या वेळी शाळा कमी करण्याऐवजी वाढवायला घेणारा माणूस कशाच्या भरवशावर बोलत होता? मुष्टिफंडाच्या. लोकांची मूठ एकदा उघडली की ती पुन्हा उघडते, हे त्याने दुधगावात आणि काल्यात पाहिले होते.

१९५९ मध्ये अण्णांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. आजही दर वर्षी ९ मेला समाधीपाशी रयत जमते, तर २२ सप्टेंबरला प्रत्येक शाखेत जयंतीची मिरवणूक निघते. तिथे मुले ढोल-लेझीम घेऊन पुढे असतात आणि सारे जण विठ्ठल वाघांचे रयत गीत म्हणतात.

अण्णांच्या मागे संस्था वाढतच गेली. ती सातशेहून अधिक शाखांची झाली, साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. या वाढीचा तपशील दुसऱ्या लेखांत येईलच. मला सांगायचे आहे ते माणसांविषयी. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याच बोर्डिंगचे विद्यार्थी. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन ते परत आले ते शिवाजी कॉलेजात शिकवायला. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि महात्मा फुल्यांच्या लेखनाचे इंग्रजी भाषांतरही त्यांनी केले. प्रा. एन. डी. पाटील पन्नासच्या दशकात शिवाजी कॉलेजात प्राध्यापक होते आणि ‘कमवा आणि शिका’चे रेक्टरही. मंत्रिपद आणि आंदोलने यांच्या धकाधकीतून ते पुन्हा रयतेकडे आले आणि बरीच वर्षे संस्थेचे चेअरमनपद त्यांनी सांभाळले. बाहेर मोठी जागा मिळू शकत असताना माणसे परत का येतात? ज्या जागेसाठी आपण घाम गाळला ती जागा आपल्याला सोडत नाही, असे मला वाटते.

रयतेत शिक्षक स्वतःला ‘रयत सेवक’ म्हणवतात. यातले काही आजीव सेवक होऊन उभे आयुष्य संस्थेला देतात. बाकीचे पगारातून कृतज्ञता निधी देतात. कोणी म्हणेल की आता हा नियमाचा भाग झाला आहे. थोडे खरे आहे. पण नव्याने लागलेला तरुण शिक्षक पहिल्या वर्षी हा निधी देताना जुन्या सेवकाला कारण विचारतो, आणि मग त्याला वहिनींची गोष्ट सांगितली जाते. अशा एका संवादासाठीही तो निधी मला योग्य वाटतो.

मुलींच्या बाबतीत मात्र आपण उशिरा जागे झालो, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. जिजामाता अध्यापिका विद्यालयासारख्या शाखा पुढे निघाल्या आणि आज रयतेच्या शाळा-कॉलेजांत मुली मोठ्या संख्येने आहेत. पण एका स्त्रीच्या हातांवर उभ्या राहिलेल्या या बोर्डिंगच्या सुरुवातीच्या इतिहासात शिकणारी मुलगी फारशी दिसत नाही. वहिनींच्या नावाने जे करायचे ते यापुढे मुलींच्या वसतिगृहांसाठी करावे, अशी माझी विनंती आहे.

आजच्या वसतिगृहांत मेस कंत्राटदाराकडे असते, झाडलोटीला माणूस असतो, पाणी नळाने येते. मुलांच्या अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून हे झाले, आणि ते चूक नाही. स्पर्धा परीक्षेच्या दिवसांत पोराला पहाटे दळायला बसवा असे कोणी म्हणणार नाही. पण मग उरलेला सहभाग हळूहळू स्नेहसंमेलन, क्रीडादिन आणि बक्षीस समारंभापुरता होतो. तिथे मुले हौसेने येतात. त्याने एक संध्याकाळ रंगते, पण त्या संध्याकाळी कोणाचे जेवण अडलेले नसते. आज ‘कमवा आणि शिका’ विद्यापीठांच्या पातळीवर राबवली जाते, पुणे विद्यापीठात तर ती कर्मवीरांच्याच नावाने चालते. त्यात तासावर मानधन मिळते आणि गरजू मुलाला आधार होतो, ही मोठी गोष्ट आहे. तरीही तासाच्या हजेरीवर सही करणारा मुलगा आणि भाजी नाही म्हणून सोबत्यांची बोलणी खाणारा मुलगा यांच्यात अंतर राहतेच.

म्हणून शताब्दीनंतरच्या वर्षासाठी तीन गोष्टी सुचवतो. मेसच्या धान्य-भाजीची खरेदी आणि हिशोब मुलांच्या समितीकडे द्यावा, आणि तो दर आठवड्याला फळ्यावर लिहावा, चुका होतील त्या होऊ द्याव्यात. बागेचा काही भाग मुलांनी पिकवावा आणि त्यातली भाजी त्याच पंगतीला यावी. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा मुलांच्या पंगतीला बसून तेच अन्न खावे. यांतल्या एकालाही मोठा निधी लागत नाही.

जुन्या विद्यार्थ्यांकडेही एक मागणे आहे. बोर्डिंगात कोणत्या वर्षी होता, गाव कोणते, आणि इथे कोणते काम केले, एवढे तरी लिहून पाठवा. कोणी विहिरीवरून पाणी आणले असेल, कोणी भाकऱ्या थापल्या असतील, कोणी चार भिंतीच्या माळावर झाडे लावली असतील. देणगीदारांची यादी संस्थेकडे आहे. ही दुसरी यादी आपल्याशिवाय तयार होणार नाही, आणि ज्यांच्या आठवणीत ती आहे त्यांपैकी बरेच आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलांनी, नातवंडांनी विचारून लिहून घेतले तरी चालेल.